नेयसाठी पाठवलेले ब्रश

बंदर-ए-कोंग, ९ मेहर

आबजी,

फोन समुद्रात पडला. मी एका लाकडी गलबताच्या काठावर बसून मांजराचा फोटो काढत होतो. मांजरानं उडी मारली, मी दचकलो, आणि मांजर तेवढं वाचलं. म्हणून हे पत्र. शेजारच्या लेंगे गावाहून इस्फहानला येणाऱ्या बसचा ड्रायव्हर आगा सैफी भला माणूस आहे, इथल्या सुतारांची पार्सलं तोच नेतो. उत्तर त्याच्याच हाती दे. नवा फोन एवढ्यात घेत नाही. खिसा हलका झाला की पायही हलके होतात असं माझं मत आहे. बहीण आहेस, हसायचं तर हस.

इथं गलबतं बांधणाऱ्यांच्या हाताखाली लागलोय. फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवायचा. माशाचं तेल गं ते! काल चहाच्या टपरीवर शेजारचा म्हातारा माझ्याकडे बघत उठला आणि पेला घेऊन उन्हात जाऊन बसला. इथल्या उन्हात! त्यावरून वासाचा अंदाज कर. पण संध्याकाळी मी नेय काढून फुंकली की हेच लोक जवळ सरकतात. त्यांच्याकडे ढोल आहेत, फुगवायच्या कातडी पिशवीची हबाण आहे, नाच आहे. आपली इस्फहानची नेय त्यांना फार रडकी वाटते. 'कोण मेलंय?' म्हणून विचारतात, आणि तरी ऐकतात.

हां, तर सांगायचं वेगळंच होतं. आधी कबूल कर की हे डॉक्टर मिसगरजादेंच्या कानावर जाणार नाही. त्यांनी बसवलेल्या दाताभोवतीच्या हिरडीतून रक्त येतं. ब्रश लावला की येतं. म्हणून मी तिथं ब्रश लावणंच सोडलं, तर रक्त थांबलं. म्हणजे प्रश्न मिटला. तसंही आत हाडात धातूचा खिळा आणि वर चिनीमातीचा दात, त्याला कीड लागणार कुठून?

पण मनाला चैन नाही. नेय काही ओठांवर वाजत नाही, तिचं पितळी तोंड वरच्या समोरच्या दोन दातांमध्ये धरावं लागतं. मोटरसायकलवरून पडून तो दात गेला तेव्हा मी किती महिने मुका होतो, ते तू पाहिलंयस. मला दुसरं येतं काय? शाळा अर्धी, सुतारकी अर्धी, सैन्यातसुद्धा स्वयंपाकघरातच दिवस काढले. पुरी आली ती एवढी बोरूची नळी. हा दात गेला तर मी कशावर उभा राहू?

आणि डॉक्टरांना सांगायचं तरी कोणत्या तोंडानं? उस्तादांच्या बैठकीत माझ्या शेजारी नेय घेऊन बसणारा माणूस. मी विचारलं, किती द्यायचे? तर म्हणाले, 'आपल्यापुढे याची काय किंमत!' मी पुन्हा विचारलं, ते पुन्हा तेच म्हणाले. तिसऱ्यांदा विचारलं तर डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. आता त्याच दारात जाऊन सांगू की तुमची भेट रक्त गाळते? आजोबा म्हणायचे ना, बक्षीस आलेल्या घोड्याचे दात मोजू नयेत. इथं तर बक्षिसात घोडा नाहीच, नुसता दात आहे.

तुझा,
पेझमान

*

इस्फहान, २१ मेहर

पेझमान,

निदान तुम्हा दोघांपैकी मांजराला तरी तोल सांभाळता येतो, हे वाचून बरं वाटलं. तुझ्या पत्राला एवढा वास आहे की मी ते दुकानाबाहेर उभं राहून वाचलं. आत वाचलं असतं तर गझच्या गोड वड्यांना माशाचा वास लागला असता आणि मालकानं मलाच खोक्यात भरून विकलं असतं.

आता ऐक. डॉक्टर मिसगरजादे दुकानात आले होते. या महिन्यात तिसऱ्यांदा. दातांचा डॉक्टर, आणि महिन्यात तीनदा गझ! शिवाय त्यांना साखरेचा त्रास आहे हे साऱ्या गल्लीला माहीत आहे.

'खानम, भाऊ कसे आहेत?'

'तुमच्या सावलीत बरे आहेत.'

'नेय वाजवतात?'

'वाजवतो की.'

'आणि जेवणखाण? म्हणजे... कडक काही खातात ना? सफरचंद वगैरे?'

'मिळालं तर खातो.'

मग पिस्त्याचा गझ हातात घेऊन उलटा केला, सुलटा केला. 'इकडं आले तर म्हणावं, खिडकीपाशी बसून एक पेला चहा घेऊन जा. घाई नाही हं. पण... फार उशीरही नको.' आणि कानांपर्यंत लाल होऊन निघून गेले. गझ काउंटरवरच राहिला.

अरे गाढवा, हा माणूस तुला तपासायला बोलावतोय! सरळ बोलवत नाही, कारण तुला वाटेल दिलेल्या भेटीची आठवण करून देतोय. तू सरळ सांगत नाहीस, कारण त्यांना वाटेल भेटीत खोट काढतोयस. दोघंही दारात उभे, 'आधी तुम्ही', 'छे छे, आधी तुम्ही', आणि मधल्या मधे तुझी हिरडी सुजतेय.

लोखंडाला कीड लागत नाही, मान्य. हिरडी लोखंडाची आहे का? माणसाचंच मांस ना ते? ब्रश बंद केला म्हणून रक्त थांबलं, हे म्हणजे दार लावलं म्हणून घरातला कचरा गेला म्हणण्यासारखं आहे.

डॉक्टरांना आजच लिही. दोन शब्द पुरे: रक्त येतं.

शुकूफे

*

बंदर-ए-कोंग, २ आबान

आदरणीय डॉक्टर मिसगरजादे, ज्यांच्या पायाची धूळ माझ्या डोळ्यांचं काजळ आहे, त्यांस,

तुमची सावली कधी कमी न होवो. तुमच्या हातांना कधी दुखणं न येवो. खरं तर फार आधी लिहायला हवं होतं, पण माझ्यासारख्या रस्त्यावरच्या माणसाच्या अक्षरानं तुमचे डोळे कशाला शिणवावेत, असं वाटत राहिलं.

इथं समुद्र आहे. तुम्ही कधी आलात तर पाहाल, संध्याकाळी पाणी डाळिंबाच्या सालीच्या रंगाचं होतं. गलबत पाण्यात सोडण्याआधी इथं मेंढी कापतात, आणि मालकापेक्षा सुतार जास्त रडतो. का, ते मी विचारलं. तो म्हणाला, मालक दुसरं विकत घेईल. पण मी भलतीकडेच गेलो.

दाताबद्दल कळवायचं होतं. दात मोती आहे मोती! इथले लोक विचारतात कोणता खरा आणि कोणता बसवलेला, तर मलाच सांगता येत नाही. सफरचंद चावलं की कधी कधी थोडी लाली उमटते, पण सफरचंदाचा रंगच तो. तुमच्या कलेपुढे बोलायला मला शब्द नाहीत.

आणि तुमची नेय? उस्तादांच्या बैठकीत तुम्ही वाजवलेला खालचा सूर अजून माझ्या कानात आहे. बुलबुलानं मान खाली घालावी असा. सोडू नका, ही हात जोडून विनंती.

तुमच्या दाराचा सेवक,
पेझमान

*

इस्फहान, १९ आबान

प्रिय आणि माननीय पेझमान खान,

तुमच्या पत्रानं या म्हाताऱ्याच्या खोलीत ऊन आलं. तुम्ही नसताना बैठकीत तुमची जागा रिकामी असते. तिथं आता एक टोपी ठेवलेली असते. कुणाची, ते माहीत नाही.

माझ्या नेयबद्दल जे लिहिलंत ते तुमच्या मोठ्या मनाचं बोलणं आहे. तरी खोटं कशाला बोलू, वाचून रात्रभर बरं वाटत राहिलं.

सफरचंदाबद्दल वाचलं. सफरचंद उत्तम फळ आहे.

सोबत एक लहानशी पुडी पाठवतोय. अगदी क्षुल्लक. बारीक तारेवर केस असलेले छोटे ब्रश आहेत. नेयच्या पितळी तोंडाच्या कडेला, जिथं ते दातांना टेकतं, तिथं कालांतरानं चिकट थर बसतो. दिसत नाही, पण बसतो. आणि जिथं थर बसतो तिथं... नेयचा आवाज बिघडतो. रोज संध्याकाळी ब्रश हलक्या हातानं त्या बारीक फटीत घालून पुढं-मागं फिरवावा. थोडं लाल दिसलं तरी थांबू नये. पितळ कधी कधी लाल दिसतं. दक्षिणेत पाण्याच्या हुक्क्याचा, गल्यानचा धूर फार ओढतात म्हणे. तोही नेयला चांगला नाही.

इकडं येणं झालं तर खिडकीपाशी चहा घेऊ. खुर्ची नवी घेतली आहे, मागं कलते. फार आरामाची.

तुमचा हितचिंतक,
मिसगरजादे

*

यझ्द, ११ आझर

आबजी,

मी यझ्दला आलोय. गलबत पाण्यात गेलं, आणि त्याच दिवशी माझ्या पायांना खाज सुटली. आगा सैफींच्या बसनं शिराझपर्यंत आलो, तिथून टरबुजांच्या ट्रकवरून. टरबुजं या हिवाळ्यात कुठून आली, ते ड्रायव्हरलाही माहीत नव्हतं. इथं एका जुन्या घराचं पाहुण्यांसाठी हॉटेल केलंय. दिवसा चादरी वाळत घालतो, जेवणानंतर अंगणात नेय वाजवतो. इथं मला एक जण भेटला जो फक्त विहिरींचे दोर वळतो आणि... नाही, ते नंतर.

आधी एक चांगली गोष्ट. डॉक्टरांनी माझ्या नेयसाठी बारीक ब्रश पाठवलेत. काय माणूस आहे! रोज संध्याकाळी त्यांनी लिहिलंय तसं नेयच्या पितळी तोंडाच्या कडेला ब्रश फिरवतो. पितळ असं चमकतं की काल एका पाहुणीनं त्यात बघून ओठांचा रंग सारखा केला.

आता वाईट. परवा पाहुण्यांसमोर वाजवताना वरचा सूर धरला आणि तो मधेच फाटला. तोंडात मिठासारखी चव आली. नेय खाली घेतली तर तिच्या चमकत्या तोंडावर रक्त. एक म्हातारी उठून मला पाणी द्यायला आली. म्हणाली, 'लेकरा, एवढं दुःखानं वाजवू नये.' तिला वाटलं मनातून आलं! मी हसलो, काय करणार.

आबजी, हिरडी सुजून जांभळी झालीय. बोटानं दाबली की पिवळं काहीतरी येतं. तोंडाला वास येतो. मी चादरी वाळत घालताना हॉटेलातल्या बायकांपासून तोंड फिरवून बोलतो. दात हलत नाही, रोज हलवून बघतो. दिवसातून किती वेळा बघतो ते सांगत नाही. चालत असतो. या गल्लीतून त्या गल्लीत, थांबलो की जीभ तिथंच जाते. मशदकडे जाणारा एक ट्रक शनिवारी आहे. जावं म्हणतो. तिथून पुढं सीमेपर्यंत. चालत राहिलं की विसरायला होतं.

डॉक्टरांना कळवू नकोस. एवढे ब्रश पाठवले त्यांनी. आता कसं सांगणार?

पेझमान

*

इस्फहान, १५ आझर

पेझमान,

ट्रकवर पाय ठेवलास तर तो पाय घरात आणू नकोस.

तुझं पत्र आल्या आल्या दुकान सोडून मी डॉक्टरांकडे गेले. दवाखान्यात एक बाई तोंड उघडून पडली होती, तिच्यासमोरच आमचं सुरू झालं. 'या, बसा.' 'तुम्ही बसा.' 'चहा?' 'तसदी नको.' 'तसदी कसली!' बाई बिचारी तोंडात कापूस घेऊन कधी त्यांच्याकडे, कधी माझ्याकडे बघतेय. तिचं झाल्यावर मी म्हटलं,

'डॉक्टर, ते ब्रश नेयसाठी होते का?'

त्यांनी हत्यारं पुसायला घेतली.

'कारण माझा भाऊ त्या ब्रशांनी नेय घासतोय. नेयचं तोंड आरशासारखं झालंय. त्याचं स्वतःचं सडतंय.'

त्यांनी चष्मा काढला आणि कपाळावर हात मारला. 'नेय घासतोय? खानम, नेयला कशाला... ते दातांच्या फटीतले ब्रश आहेत! दाताच्या मानेशी, हिरडीच्या कडेला फिरवायचे. मी असं कसं लिहू की तुमचं तोंड घासा? मोठा कलावंत मुलगा तो!'

'आणि नाही घासलं तर?'

मग ते यजमानासारखं नाही, डॉक्टरासारखं बोलले. मी जसं ऐकलं तसं लिहिते. बसवलेला दात किडत नाही, पण त्याच्या मानेशी रोज चिकट थर बसतो. तो काढला नाही तर भोवतीची हिरडी सुजते, रक्त येतं. एवढ्यावर असेपर्यंत सगळं परत फिरवता येतं: थर काढा, रोज नीट घासा, ठरल्या वेळी डॉक्टरला दाखवा. पण सूज तशीच राहिली तर ती आत उतरते आणि खिळ्याभोवतीचं हाड खाते. गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. मग घट्ट वाटणारा दात एक दिवस हातात येतो. रक्त आलं म्हणून ब्रश थांबवायचा नसतो, रक्त येतं म्हणजे तिथंच घासायचं राहिलंय.

'मग त्याला बोलावलं का नाही?'

'दिलेल्या वस्तूची चौकशी करायची म्हणजे, खानम...'

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, 'डॉक्टर, तो घरी तुमच्या नेयला काय म्हणतो माहीत आहे? सैल झाकणाची किटली.'

माफ कर. सुटलं तोंडातून. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं, मला वाटलं रडतात की काय. मग म्हणाले, 'सहा वर्षं तो मला बुलबुल म्हणतोय.' आणि टेबलाशी बसून एका दमात पत्र लिहिलं. सोबत घातलंय. मी वाचलेलं नाही. म्हणजे वाचलं.

शुकूफे

*

इस्फहान, त्याच दिवशी

पेझमान,

नमस्कार-चमत्कार नाहीत. तुमचं तोंड घाण आहे.

ते ब्रश दातासाठी आहेत. आजच वापरा. रक्त आलं तरी वापरा, हलक्या हातानं. गल्यान बंद. नेय बंद, मी तपासेपर्यंत. ट्रक बंद.

आणखी एक. दात चिकटवताना वापरलेल्या सिमेंटचा कण कधी कधी हिरडीखाली राहून जातो आणि सूज तिथूनच सुरू होते. मी त्या दिवशी तो नीट शोधला का, याची मला खात्री नाही. तुमच्या पुढच्या भेटीत बघू म्हटलं होतं. तुम्ही आला नाहीत, आणि मी बोलावलं नाही. कारण तुम्हाला वाटलं असतं की मी काही मागतोय.

आता मागतो. इथं या, तोंड उघडा, आणि मला ओरडू द्या. बदल्यात माझी नेय कशी वाजते ते मला तोंडावर सांगा. किटली हा शब्द मला आवडला. तसाच सांगा.

मिसगरजादे

*

लाहीजान, २० फर्वर्दिन

डॉक्टर,

चहाच्या मळ्यांत आलोय. इथं इतकं हिरवं आहे की डोळे दुखतात. पाऊस थांबतच नाही, आणि माझे बूट एका बदकानं... ते असू दे. तुम्ही म्हणाला होता मुद्द्याचं लिहा.

तुमच्याकडून निघालो त्याला आता काही आठवडे झाले. त्या खुर्चीत तोंड उघडून पडलो असताना तुम्ही जे ओरडलात ते माझ्या आईनंही कधी ऐकवलं नव्हतं. 'हे तोंड आहे की बाजारातलं गटार!' बाहेर बसलेल्या आबजीनं हसून खुर्ची हलवली, ते मला आत ऐकू आलं. आणि मग तुम्ही कापसावर तो कण काढून दाखवलात, तांदळाच्या कण्यापेक्षा लहान. तेव्हा तोंडात तुमची हत्यारं होती. आता लिहितो: तुमची चूक होती. माझी पण होती. तुमची आधी, माझी मोठी.

सकाळ-संध्याकाळ घासतो. बारीक ब्रश दाताच्या दोन्ही बाजूंनी. रक्त नाही. सूज नाही. तुम्ही फोटोत दाखवलंत तेवढं हाड गेलंय ते गेलंच, हिरडी थोडी वर सरकलीय आणि दाताशेजारी बारीक फट दिसते. तिथून हवा निसटते. नेय धरायची परवानगी मिळाल्यापासून रोज बसतो, पण जुन्या जागी धरली की सूर येतच नाही, नुसती फुसफूस. जरा डावीकडे कलवली तर येतो, आणि तो आधीचा नाही. थोडा खरखरीत आहे. इथल्या चहा खुडणाऱ्या बायका म्हणतात, बरा आहे, आधीचा कसा होता आम्हाला काय माहीत! चांगल्या बायका आहेत. मला मात्र माहीत आहे आधीचा कसा होता. पहिले काही दिवस मी नेय पिशवीतून काढलीच नाही.

तुमच्या नेयबद्दल खुर्चीतून उठल्या उठल्या सांगितलं, पण घाईत. नीट लिहितो. तुम्ही फुंकत नाही, ढकलता. जीभ दातांच्या फार मागं ठेवता, म्हणून अर्धी हवा गालात जाते. खालचा सूर येतो असं तुम्हाला वाटतं, तो सूर नसून तुमच्या छातीची घरघर आहे. पहिल्या धड्यापासून सुरुवात करा. मीही तिथूनच करतोय.

तुम्ही म्हणालात दर तीन महिन्यांनी दाखवायला या. मी आजवर कुणालाही तारीख दिलेली नाही. बघू.

पेझमान

*

इस्फहान, ४ खोर्दाद

पेझमान,

तुमचं पत्र नेयच्या खोक्यात ठेवलंय, रोज वाचतो, आणि रोज चिडतो. जीभ पुढं आणली. परवा सकाळी एक सूर आला. अर्धा. बायको स्वयंपाकघरातून धावत आली आणि म्हणाली, 'काय फुटलं?' मी म्हटलं, मी फुटलो.

पुढचा मुद्दा. तीन महिने होत आले. आला नाहीत. त्यानंतर पत्रही नाही. म्हणजे काहीतरी लपवताय. एक प्रश्न विचारतो, हो किंवा नाही लिहा, एक शब्द जास्त नको: पुन्हा रक्त येतं का?

मिसगरजादे

*

रश्तचं बस टर्मिनल, १० खोर्दाद

हो. मधले दहा-बारा दिवस घासलं नाही. इस्फहानच्या बसमध्ये बसतोय, हे पत्र याच ड्रायव्हरकडे देतो. बहुधा माझ्याबरोबरच पोचेल.

पेझमान